जजला हाक मारली, आता मित्र बोलत नाही

ताई,

मी आणि माझा मित्र बरीच वर्षं एकत्र 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळतो. डेक, म्हणजे खेळायचा पत्त्यांचा संच, एकत्र बसून बांधतो, लागतील तसे एकमेकांचे पत्तेही वापरतो. गेल्या महिन्यात आम्ही दोघं पहिल्यांदाच कॉम्पिटिटिव्ह पातळीच्या स्पर्धेत उतरलो आणि नेमके शेवटून दुसऱ्या राउंडला समोरासमोर आलो. एक-एक गेम झाला होता. तिसऱ्या गेममध्ये माझ्या बाजूला असा एक पत्ता होता, की त्याला प्रत्येक स्पेलसाठी, म्हणजे टाकायच्या पत्त्यासाठी, एक मॅना (खेळातलं चलन) जास्त मोजावा लागत होता. त्याने चार मॅनाचा क्रीचर (हल्ला करू शकणारा पत्ता) टाकला, मॅना देणाऱ्या चार लँड टॅप केल्या, म्हणजे वापरल्याची खूण म्हणून आडव्या केल्या, आणि टर्न माझ्याकडे दिला. मी पत्ता काढला, लँड खेळलो, हल्ला करावा का याचा अंदाज घ्यायला त्याच्या लँड मोजल्या आणि थबकलो. एकूण चारच होत्या. त्याच्याकडे पाच मॅना नव्हताच.

मी हात वर केला. तो म्हणाला, "अरे, कशाला जज? आपसात बघू. नाहीतर नाणं उडवू." तोवर जज आलाच होता. त्याने दोघांचं ऐकलं, मला टेबलापासून बाजूला नेऊन दोन-तीन प्रश्न विचारले, मग हेड जजशी बोलून आला. मित्राला त्या दिवशी आधीच दोन वॉर्निंग मिळाल्या होत्या, एकदा एका टर्नमध्ये दोन लँड खेळला म्हणून आणि एकदा नुकत्याच आलेल्या क्रीचरने हल्ला केला म्हणून. ही तिसरी. त्यामुळे गेम लॉस, म्हणजे तो गेम हरल्याची शिक्षा, आणि तिसरा गेम असल्याने मॅचही गेली. वर मलाही एक वॉर्निंग मिळाली!

आता मित्र माझ्याशी बोलत नाही. त्याचं म्हणणं, मला ते आधीच दिसलं होतं आणि मी टर्न संपायची वाट पाहिली. आमच्या ग्रुपमध्येही कुजबुज आहे, कारण पुढच्या राउंडला माझा प्रतिस्पर्धी स्वतःचा ट्रिगर (ठरावीक घटनेनंतर लागू होणारा पत्त्याचा परिणाम) विसरला तेव्हा मी गप्प राहिलो. "तिथे बरा गप्प बसलास" असं ऐकून घ्यावं लागतंय. खरं सांगायचं तर त्याच्या दोन वॉर्निंग मला माहीत होत्या. राउंडच्या मधल्या वेळेत त्यानेच हसत हसत सांगितलं होतं. जजला हाक मारताना ते माझ्या डोक्यात नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी चुकलो का? जजने इतकं नियमावर बोट ठेवायला हवं होतं का? आणि पुढच्या वेळी असं काही दिसलं तर गप्प बसू का?

— एक खेळाडू

---

प्रिय मित्रा,

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो धोक्याचा आहे. गप्प बसू नका. मित्राची चूक दाखवणारा खेळाडू फार तर ग्रुपमध्ये वाईट ठरतो. चूक दिसूनही फायद्यासाठी गप्प बसलेला खेळाडू स्पर्धेतून बाहेर जातो. तुम्हाला बाजूला नेऊन विचारलेल्या त्या दोन-तीन प्रश्नांचा रोखही नेमका हाच होता. पत्रात तुम्ही त्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकला आहे, पण मला वाटतं खरी सल तिथेच आहे.

जजने काय विचारलं असेल याचा मला अंदाज आहे. हे तुमच्या नक्की कधी लक्षात आलं? त्याने क्रीचर टाकला तेव्हा तुम्ही कुठे बघत होता? लँड मोजायची वेळ आत्ताच का आली? ऐकताना वाटतं की चूक दुसऱ्याची आणि उलटतपासणी माझी! पण जजच्या जागी उभं राहून बघा. तुमच्यासमोरचा पत्ता तुमचाच, त्याचा फायदा तुमचाच. चूक झाली तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत, आणि एक टर्न उलटल्यावर, एक पत्ता काढून झाल्यावर बोललात. यातून दोन कथा निघतात. एकीत तुमचं लक्ष नव्हतं आणि लँड मोजताना ते ध्यानात आलं. दुसरीत तुम्हाला तेव्हाच दिसलं होतं, पण आपण काय काढतो ते आधी बघू, पत्ता चांगला निघाला तर राहू दे, नाही निघाला तर हात वर करू, असा हिशेब तुम्ही केलात. टेबलावर दोन्ही कथांचं चित्र तंतोतंत एकच दिसतं. फरक फक्त तुमच्या डोक्यात, आणि तो शोधायचा तर विचारण्यावाचून इलाज नाही. दोघांना वेगवेगळं विचारतात तेही यासाठीच, म्हणजे एकाचं ऐकून दुसऱ्याचं उत्तर वळत नाही.

म्हणजे तुमच्या मित्राचा आरोप जजच्याही मनात येऊन गेला होता. त्याने तो तपासला, तुमच्या उत्तरांवरून निकाली काढला आणि मगच पुढे गेला. नसता काढला, तर तुम्ही पुढचा राउंड खेळायला उरलाच नसता. मित्राला सांगायची पहिली गोष्ट ही.

मॅजिकच्या नियमांत चीटिंगची व्याख्या बरीच नेमकी आहे. स्पर्धेचा नियम मोडणं, अधिकाऱ्याशी खोटं बोलणं, किंवा आपल्या मॅचमध्ये झालेली चूक दिसूनही ती न दाखवणं, यातलं काहीतरी घडलेलं असावं लागतं. शिवाय दोन अटी. आपण करतोय ते नियमाबाहेर आहे हे खेळाडूला माहीत हवं, आणि त्यातून फायदा मिळवायचा प्रयत्न हवा. दोन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच ते चीटिंग. त्याला शिक्षा एकच, डिस्क्वालिफिकेशन, आणि ते देण्याचा अधिकार फक्त हेड जजचा. त्यासाठी कोर्टात लागतो तसा पुरावा लागत नाही. स्पर्धेची सचोटी धोक्यात आली आहे असं मानायला पुरेशी माहिती आहे, एवढी हेड जजची खात्री झाली की पुरतं. अधिकार मोठा आहे, म्हणूनच जज विचारताना घाई करत नाही.

आता तुम्ही दिलेल्या कबुलीबद्दल. त्याच्या दोन वॉर्निंग माहीत होत्या आणि हाक मारताना ते डोक्यात होतं. मग? प्रतिस्पर्ध्याला शिक्षा झाली तर आपलं बरं होईल असं मनात येणं हा गुन्हा नाही. स्पर्धेत बसलेल्या प्रत्येकाच्या मनात ते कधी ना कधी येतंच. त्या विचाराने तुम्ही हात वर करायला एक क्षणही उशीर केला असता तर मामला वेगळा होता. तुम्ही थबकलात आणि हाक मारलीत. जजपुढे तुम्ही "ही तिसरी आहे, याला गेम लॉस द्या" असा धोशा लावला असता, तर तेही चाललं नसतं. जजकडे प्रतिस्पर्ध्यासाठी शिक्षेची मागणी करत राहणं हे खिलाडूवृत्तीला सोडून वागणं म्हणून नोंदलं जातं, त्यालाही वॉर्निंग आहे. तुम्ही तसं काही केल्याचं पत्रात दिसत नाही. जजनेच नोंदी पाहिल्या, त्यात दोन सापडल्या.

तुम्हाला मिळालेल्या वॉर्निंगचं फारसं मनावर घेऊ नका. टेबलावरचा खेळ नियमाप्रमाणे चालला आहे ना, हे बघण्याची जबाबदारी दोन्ही खेळाडूंची असते. प्रतिस्पर्ध्याची चूक लगेच लक्षात आली नाही आणि खेळ पुढे सरकला, तर दुसऱ्या खेळाडूला 'गेम स्टेट राखण्यात कसूर' या नावाखाली वॉर्निंग मिळते. खास करून तुमचाच पत्ता जास्तीचा मॅना मागत असताना तुम्हीच ते विसरावं, यावर वाद घालायला जागा नाही. मात्र बाकीच्या खेळातल्या चुकांच्या वॉर्निंग साचत जातात, तशी ही साचून कधीच गेम लॉस होत नाही. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते. ती साचत असती तर "उशिरा दिसलं, आता हाक मारली तर आपल्याच नावावर चढेल" असं म्हणून निम्मे लोक हात खालीच ठेवते.

मित्राच्या गेम लॉसवर मात्र थोडं थांबायला हवं, कारण ग्रुपमधली सगळी कुजबुज तिथून सुटली आहे.

एकाच प्रकारच्या खेळातल्या चुकीची तिसरी वॉर्निंग गेम लॉस होते. दोन लँड खेळणं, नुकत्याच आलेल्या क्रीचरने हल्ला करणं, कमी मॅना देऊन स्पेल टाकणं, या तिन्ही वरवर वेगळ्या दिसतात. पण जजच्या नोंदीत तिन्ही एकाच सदरात पडतात, खेळाच्या नियमाचा भंग. एकेक वेगळी घेतली तर कुणाच्याही हातून होईल अशी. यातल्या पहिल्या चुकीला कुणी गेम लॉस दिला असता, तर मीही गळा काढला असता.

पण तुम्ही काय पाहिलंत? एक चूक. पहिल्या वॉर्निंगच्या राउंडमधल्या खेळाडूने काय पाहिलं? एक चूक. दुसऱ्यानेही एकच. समोर बसणारा दर राउंडला बदलतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की गडी चांगला आहे, नजरचुकीने झालं. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण दर राउंडला जो 'नजरचुकीने' फायद्यात राहतो, तोही प्रत्येक टेबलावर असाच निरागस दिसतो. अख्ख्या हॉलमध्ये तीन चुका एका ओळीत मांडून बघू शकतील असे फक्त जज असतात, आणि तेही कुणीतरी हाक मारली आणि नोंद झाली तरच. तिसऱ्या वॉर्निंगवर गेम लॉस होताना "तू लबाड आहेस" असं कुणी म्हणत नाही. लबाड वाटला असता तर प्रकरण गेम लॉसवर थांबलंच नसतं. त्याचा अर्थ इतकाच की नुसत्या आठवणीने फरक पडलेला नाही, आता किंमत द्यावी लागेल.

मॅच निर्णायक होती, शेवटून दुसरा राउंड होता, समोर जवळचा मित्र होता. जजने यातलं काहीएक बघायचं नसतं. शिक्षा ठरवताना किंवा चूक निस्तरताना समोर कोणता खेळ चालू आहे, डाव कुणाच्या बाजूने झुकला आहे, निर्णयाने कुणाचं भलं होईल, हे विचारात घ्यायचं नाही असं जजांना स्पष्टच सांगितलेलं असतं. ऐकायला कोरडं वाटतं. पण दुसऱ्या राउंडला गेम लॉस देणारा जज शेवटच्या राउंडला तोच प्रकार वॉर्निंगवर भागवू लागला, तर दुसऱ्या राउंडला घरी गेलेल्या माणसाला तो काय सांगणार? हेड जजला ठरलेल्या शिक्षेपासून बाजूला सरकता येतं, पण ते अगदी अपवादात्मक प्रसंगी. टेबलच कोसळलं, किंवा सीलबंद पाकिटातून भलत्याच सेटचे पत्ते निघाले, असे प्रसंग. हरणाऱ्याला वाईट वाटलं हा त्यातला प्रसंग नाही.

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मला खटकली. मित्राला निर्णय पटला नव्हता, तर त्याने अपील का केलं नाही? टेबलाशी आलेल्या फ्लोअर जजचा निर्णय पूर्ण ऐकून घ्यायचा आणि म्हणायचं, "मला हेड जजशी बोलायचंय." एवढंच. त्याला कारण लागत नाही, त्यात कुणाचा अपमान नाही, आणि कुणी डूख धरून बसत नाही. हेड जज नव्याने ऐकतो आणि त्याचा शब्द शेवटचा. इथे फ्लोअर जज आधीच हेड जजशी बोलून आला होता, तेव्हा निकाल बहुधा तोच राहिला असता. तरी टेबलावर अपील न करता नंतर ग्रुपमध्ये खटला चालवायचा, याला आपल्याकडे रडीचा डाव म्हणतात. हे मित्राला तुम्ही सांगू नका. माझ्या नावावर खपवा.

आता समजा ही तिसरी वॉर्निंग नसती, पहिलीच असती. मग काय झालं असतं? हे सांगते, कारण जजचं खरं काम शिक्षेपेक्षा चूक निस्तरण्यात जास्त असतं, आणि बाहेरून ते कुणाला दिसत नाही. मित्राकडे पाचवी लँड नव्हती, म्हणजे "अजून एक टॅप कर" म्हणून सुटण्यासारखी गोष्ट नव्हती. उरतात दोन वाटा. जसं आहे तसं ठेवून पुढे खेळायचं, किंवा खेळ मागे न्यायचा. मागे नेण्यासाठी हेड जजची परवानगी लागते, आणि मागे नेताना प्रत्येक पाऊल उलट्या क्रमाने उचलावं लागतं. तुम्ही खेळलेली लँड हातात परत. मग काढलेला पत्ता. पण तो कोणता ते फक्त तुम्हाला माहीत, मित्राला नाही, आणि तुमच्या शब्दावर जज चालू शकत नाही. म्हणून हातातल्या सगळ्या पत्त्यांतून एक डोळे झाकून काढायचा आणि लायब्ररीवर, म्हणजे काढायच्या पत्त्यांच्या गठ्ठ्यावर, ठेवायचा. तुम्ही अनटॅप केलेलं सगळं पुन्हा होतं तसं. मग मित्राचा क्रीचर त्याच्या हातात, त्याच्या चारही लँड सरळ, आणि टर्न त्याचा.

कागदावर हे सोपं दिसतं. आता विचार करा, तुमच्या त्या टर्नमध्ये तुम्ही एखादा शोधाशोधीचा स्पेल टाकून लायब्ररी पिसली असती, किंवा त्याने मध्येच काही टाकलं असतं आणि तुमच्या हातात काय आहे ते त्याला दिसलं असतं. दिसलेलं न दिसल्यासारखं करता येत नाही. अशा वेळी मागे नेण्यातून नवेच घोटाळे होतात आणि जज झाली ती चूक तशीच राहू देतो. "चूक त्याची आणि क्रीचर टेबलावरच?" म्हणून समोरचा चरफडतो. चरफडणं समजू शकते, पण जज त्या जागी अन्याय करत नसतो, दोन वाईटांतलं कमी वाईट निवडत असतो. चूक जितकी लवकर दाखवाल तितका गुंता कमी असतो तो यामुळेच. तुमच्या बाबतीत गेमच संपल्यामुळे हा प्रश्न उरला नाही.

"आपसात बघू" असं मित्र म्हणाला. ते सरसकट चूक नाही. किरकोळ गोष्ट असेल, तिथल्या तिथे लक्षात आली आणि दोघांनी समाधानाने सुधारली, तर जजला त्यात पडायची गरज नसते. एखाद्याने लाइफचा आकडा चुकीचा लिहिला, समोरच्याने लगेच सांगितलं, खोडून नीट लिहिला. इतपत. एक टर्न उलटून गेला, पत्ता काढून झाला, क्रीचर मुळात टाकताच येणार नव्हता, याला किरकोळ म्हणत नाहीत. आणि आपसात मिटवताना दोघांपैकी ज्याला नियम जास्त ठाऊक किंवा ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूने मिटतं हा माझा अनुभव आहे. वेळ वाया जातो ही सबबही टिकत नाही. जजमुळे मिनिटाच्या वर खोळंबा झाला की तेवढा वेळ मॅचला वाढवून मिळतो.

नाण्याचं मात्र कान उपटून सांगायला हवं. मॅचचा निकाल नाणं उडवून, फासा टाकून, खेळाबाहेरच्या कुठल्याही रीतीने ठरवणं तर सोडाच, तसं सुचवणंसुद्धा मॅच लॉसच्या शिक्षेला पात्र आहे. तुम्ही "चल, उडवू" म्हणाला असतात तर दोघंही गेला असता. मित्राला बहुधा पेनल्टीचा वाद नाण्यावर सोडवायचा होता, मॅच नाही. जजच्या कानावर ते गेलं नाही, किंवा त्याने तो वैतागाचा उद्गार समजला असेल, पण पुढच्या वेळी हे शब्द टेबलावर येऊ देऊ नका. मॅच सोडून देणं चालतं, तो खेळाडूचा हक्क आहे. फक्त त्याच्या बदल्यात काही द्यायचं-घ्यायचं नाही. "तू सोड, बक्षीस वाटून घेऊ" हे वाक्यही मॅच लॉसच्याच पंगतीतलं.

ग्रुपचा दुसरा आक्षेप, तिथे गप्प आणि इथे हात वर. वडाची साल पिंपळाला लावण्याचा प्रकार आहे. आपला ट्रिगर लक्षात ठेवणं ही कॉम्पिटिटिव्ह खेळात ज्याच्या पत्त्याचा ट्रिगर त्याची जबाबदारी. समोरच्याने आठवण करून द्यावी अशी अपेक्षाच नाही. ट्रिगर विसरणं हा खेळातल्या कौशल्याचा भाग धरला आहे, आणि जजसुद्धा तिथे उभा राहून बघत असेल तरी सहसा मध्ये पडत नाही. वॉर्निंग येते ती ट्रिगर विसरणाऱ्याच्याच तोट्याचा असेल तेव्हा, कारण तिथे विसरण्यात फायदा लपलेला असतो. आणि मुद्दाम विसरल्याची शंका आली, तर पुन्हा तेच, बाजूला नेऊन प्रश्न. तुमच्या मित्राने टाकलेला क्रीचर ट्रिगर नव्हता, मुळात टाकताच न येणारी चाल होती. अशी चाल दिसली की दाखवावीच लागते, मग ती कुणाचीही असो. तुमची स्वतःची असली तरी! हे ग्रुपला आवर्जून ऐकवा. स्वतःच्या फायद्याची चूक ध्यानात येऊनही जो पुढे खेळत राहतो, तो त्याच व्याख्येत बसतो.

"आपल्या नेहमीच्या खेळात असं कुणी करत नाही" असं मित्र म्हणत असेल, तर ते खरं असणार. 'फ्रायडे नाइट मॅजिक'सारखे नेहमीचे खेळ रेग्युलर पातळीवर चालतात. तिथे जज चूक सुधारतो, समजावून सांगतो, पुढे चला म्हणतो. वॉर्निंगचा हिशेब तिथे ठेवत नाहीत, कारण लोक तिथे शिकायला आणि रमायला येतात. तुम्ही दोघांनी पातळी बदलली आणि सवयी बरोबर नेल्या. त्याच्या तीन चुका नेहमीच्या रात्री बहुधा हसण्यावारी गेल्या असतील, म्हणून कधी सुटल्या नाहीत. प्रत्येक खेळाची शिडी वेगळी असते, हेही लक्षात असू द्या. पोकेमॉनच्या पत्त्यांत वॉर्निंग आणि गेम लॉस यांच्यामध्ये अशी एक पायरी आहे, की प्रतिस्पर्ध्याला जास्तीचे प्राइज कार्ड उचलू देतात. तिथला खेळ जिंकण्यासाठी गोळा करायच्या या प्राइज कार्डांवर चालतो म्हणून ते जमतं. मॅजिकमध्ये अशी मधली पायरी नाही, आणि म्हणून वॉर्निंगवरून गेम लॉसवर येणारा माणूस एकदम उंचावरून पडल्यासारखा पडतो.

मित्राकडे जायचं तर आता. आठवडे गेले की माणसं आपल्याच गोष्टीवर जास्त विश्वास ठेवायला लागतात. ग्रुपमध्ये लिहू नका, समोर बसून बोला. नियम समजावत बसू नका, ते त्याला त्या दिवशीच कळले आहेत. "मला तेव्हा दिसलं नव्हतं, माझ्याच पत्त्याकडे माझं लक्ष नव्हतं, म्हणून मलाही वॉर्निंग मिळाली" एवढं सांगा. आणि दोन वॉर्निंगचं तुम्हाला माहीत होतं तेही सांगा. तो ते विचारणारच आहे, आणि विचारल्यावर दिलेलं उत्तर आधीच सांगितलेल्या उत्तराइतकं वजनाचं नसतं. "सॉरी, मी जजला बोलावलं" असं मात्र म्हणू नका. त्याची मॅच गेली याचं वाईट वाटतं म्हणा, ते खरंच आहे. हाक मारल्याबद्दल माफी मागितलीत, तर पुढच्या स्पर्धेत तुमचा हात अर्ध्यावर थांबेल आणि त्याचाही.

तो ऐकून घेईल की नाही, ते मी इथे बसून सांगू शकत नाही. दोन वॉर्निंग हसत सांगणारा माणूस तिसरीवर फुरंगटला आहे, म्हणजे राग तुमच्यावर कमी आणि स्वतःवर जास्त असावा असा माझा कयास आहे. तसं असेल तर त्याला तुमच्या स्पष्टीकरणापेक्षा सरावाची गरज आहे. दोघं बसून चार-दोन मॅच कॉम्पिटिटिव्ह शिस्तीत खेळा. लँड खेळली की तोंडाने म्हणायचं, स्पेल टाकताना मॅना मोजून दाखवायचा, टर्न देण्याआधी एक नजर दोन्ही बाजूंवर. तुमचा तो जास्तीचा मॅना मागणारा पत्ता बाकीच्या पत्त्यांच्या रांगेत ठेवू नका, थोडा पुढे, त्याच्या नजरेसमोर येईल असा ठेवा, आणि त्याने स्पेल उचलला की "एक जास्त" म्हणा. असं म्हणण्याने डाव उघडा पडत नाही. पत्ता सगळ्यांसमोर पडलेला आहे.

मागच्या वॉर्निंग पुढच्या स्पर्धेत मोजल्या जात नाहीत. त्याची पाटी कोरी असेल आणि तुमचीही. पुन्हा समोरासमोर आलात, तर पत्ते पिसतानाच एकमेकांना सांगून टाका, काही खटकलं की मी हात वर करणार, तूही कर.

— ताई